कौटुंबिक हिंसाचार

कौटुंबिक हिंसाचार : विवाह, रक्तसंबंध, दत्तकविधान किंवा विवाहसदृश सहजीवन यांमुळे एका घरात राहणाऱ्या वा राहिलेल्या व्यक्तींपैकी एकीने दुसरीच्या शरीराला, मनाला, आरोग्याला, मालमत्तेला वा प्रतिष्ठेला पोहोचविलेली इजा, तसेच अशा इजेची दिलेली धमकी म्हणजे कौटुंबिक हिंसाचार होय. मुले, वृद्ध आईवडील, अपंग व्यक्ती आणि काही प्रसंगी पुरुषही त्यास बळी पडतात; तथापि सर्व देशांत त्याची सर्वाधिक व सर्वांत गंभीर झळ स्त्रियांना, विशेषतः पत्नीला, पोहोचत असल्याचे दिसून येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः स्त्रियांवरील हिंसाचाराचा आणि तो रोखण्यासाठी व पीडितेला आधार देण्यासाठी समाजाने केलेल्या प्रयत्नांचा विचार केला आहे.

संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच, असे मराठीत म्हटले जाते. मतभेद व भांडण हे कोणत्याही सहजीवनात असतातच. परंतु भांडण आणि हिंसाचार ह्या भिन्न गोष्टी होत. भांडणात दोन्ही बाजूंना बोलण्याची मोकळीक असते आणि कोणालाही दुसऱ्याची भीती वाटत नाही. हिंसाचारात एक बाजू सतत धास्तावलेली असते. ती बोलण्यापूर्वी, खर्च करण्यापूर्वी, माहेरी जाण्यापूर्वी, एवढेच नव्हे तर हसण्यापूर्वीही दुसऱ्याच्या मर्जीचा अंदाज घेते. ही भीती हेच हिंसाचाराचे प्रमुख लक्षण मानले जाते.

प्रकार : शारीरिक हिंसाचारात थप्पड मारणे, ढकलणे, केस ओढणे, लाथाबुक्क्यांनी मारणे, चटके देणे, गळा दाबणे इत्यादींचा समावेश होतो. मानसिक हिंसाचारात अपमान, संशय, मूल किंवा मुलगा न झाल्याबद्दल टोमणे, माहेरच्यांशी बोलण्यास मज्जाव, मुले हिरावून घेण्याच्या किंवा स्वतःच्या आत्महत्येच्या धमक्या येतात. संमतीविना लादलेला शरीरसंबंध हा लैंगिक हिंसाचार होय. स्त्रीधन काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, नोकरी सोडावयास लावणे, कमाई हिसकावणे, घराबाहेर काढणे हा आर्थिक हिंसाचार होय. अलीकडे भ्रमणध्वनी तपासणे, संदेशांवर पाळत ठेवणे व खाजगी छायाचित्रे प्रसृत करण्याची धमकी देणे ह्या रीतींची त्यांत भर पडली आहे. हे प्रकार सहसा एकटे आढळत नाहीत. मारहाण अधूनमधून घडते. मात्र तिच्या आठवणीने इतर सर्व बंधने रोज पाळली जातात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डुलूथ येथे १९८० नंतरच्या दशकात पीडित स्त्रियांच्या अनुभवांवरून ‘सत्ता व नियंत्रण चक्र’ ही आकृती तयार करण्यात आली. हिंसाचार हा रागाच्या भरातील अपघात नसून दुसऱ्यावर ताबा ठेवण्याची पद्धत आहे, ही कल्पना त्या आकृतीमुळे सर्वत्र परिचित झाली.

व्याप्ती : जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगातील सु. ३०% स्त्रियांना आयुष्यात केव्हा ना केव्हा जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक अथवा इतरांकडून लैंगिक हिंसाचार सोसावा लागलेला असतो. भारतातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सु. २९% स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसाचार झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सु. २५%, म्हणजे चौघींत एक असे होते. हे आकडे स्त्रियांनी अनोळखी प्रश्नकर्तीला दिलेल्या उत्तरांवर आधारलेले असल्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण त्याहून अधिक असण्याची शक्यता आहे.

ह्याच सर्वेक्षणातील दुसरी माहिती अधिक चिंताजनक आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४% स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. सु. ७७% स्त्रियांनी मदत मागितली नव्हती, इतकेच नव्हे तर ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. मदत मागणाऱ्यांतही बहुसंख्य स्त्रिया माहेरच्या माणसांकडे गेल्या. पोलीस, वकील, डॉक्टर व सामाजिक संस्था यांच्याकडे जाणाऱ्यांचे प्रमाण फारच थोडे होते. यावरून असे दिसते, की शासकीय यंत्रणेच्या कितीतरी आधी आई, बहीण, भाऊ, शेजारीण किंवा मैत्रीण ह्यांच्याजवळच हा प्रश्न प्रथम पोहोचतो. तेथे मिळणाऱ्या प्रतिसादावर पुढच्या बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात.

कारणमीमांसा : दारू, गरिबी, बेकारी व अशिक्षितपणा ही हिंसाचाराची कारणे म्हणून नेहमी सांगितली जातात. त्यांमुळे हिंसाचार वाढतो, हे खरे. परंतु तो सुशिक्षित, सुस्थित व निर्व्यसनी घरांतही आढळतो. दारू प्यालेला पुरुष वरिष्ठाला वा पोलिसाला क्वचितच मारतो, पत्नीला मारतो. कोणास मारता येते याचे भान नशेतही राहते, असा याचा अर्थ होतो. दारूबंदीच्या चळवळींत स्त्रिया आघाडीवर राहिल्या आहेत. गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी लागू आहे. दारू बंद झाल्याने घरातील त्रास कमी होऊ शकतो. त्यामागील अधिकाराची भावना मात्र तेवढ्याने नाहीशी होत नाही.

ही भावना समाजमान्यतेवर पोसली जाते. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात काही विशिष्ट कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे काय, असे विचारण्यात आले होते. सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी ते योग्य आहे असे सु. ४५% स्त्रियांनी व ४४% पुरुषांनी सांगितले. सर्वाधिक संमती मिळालेले कारण सासरच्या मंडळींचा अनादर हे होते. दिल्या घरी मुलीने निमूटपणे नांदावे, घरातील उणेदुणे बाहेर काढू नये, नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, हे संस्कार ह्या संमतीच्या मुळाशी आहेत.

मालमत्तेचा अभाव हे आणखी एक कारण होय. प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतःच्या नावावर घर वा जमीन नसलेल्या स्त्रियांपैकी ४९% स्त्रियांनी शारीरिक हिंसाचार सोसल्याचे आढळले. केवळ जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८%, केवळ घर असलेल्यांत १०% आणि दोन्ही असलेल्यांत ७% होते. जाण्यास जागा आहे, ही गोष्टच स्त्रीची घरातील बाजू भक्कम करते आणि पुष्कळदा तिला घर सोडण्याची वेळही येत नाही. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास चालविलेली पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम, राज्याने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात मुलींच्या हक्कासाठी केलेल्या सुधारणा यांचे महत्त्व ह्या दृष्टीनेही लक्षात घेण्याजोगे आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता समाईक मानली जाते.

घर न सोडण्याची कारणे : एवढा त्रास असताना ती तेथे का राहते, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिंसाचाराचे चक्र वर्णिले आहे. प्रथम ताण साठत जातो, मग मारहाण होते आणि त्यानंतर क्षमायाचना, भेटवस्तू व आश्वासने यांचा काळ येतो. ह्या शेवटच्या अवस्थेत स्त्रीच्या मनात आशा पालवते. प्रत्येक संसारात हे चक्र याच क्रमाने फिरते असे नाही; काही घरांत पश्चात्तापाची अवस्था कधीच येत नाही. परंतु आशेचे महत्त्व त्यावरून कळते. याखेरीज मुलांचे भवितव्य, धाकट्या बहिणींच्या विवाहाची चिंता, उत्पन्नाचा अभाव, माहेरची परिस्थिती आणि ‘टाकलेली’ म्हणून होणारी अवहेलना ही कारणे असतातच. परदेशी गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत निवासाचा परवाना पतीच्या नोकरीवर अवलंबून असणे व जवळपास आपले माणूस नसणे यांची त्यांत भर पडते.

भीती हेही एक कारण असून ते पुष्कळदा वास्तव असते. स्त्री घर सोडण्याच्या बेतात असते तेव्हा व त्यानंतरचे काही दिवस तिच्या जिवाला सर्वाधिक धोका संभवतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. गळा दाबण्याचा प्रकार पूर्वी घडला असणे, ठार मारण्याची धमकी, जवळ शस्त्र असणे, मारहाणीची तीव्रता वाढत जाणे आणि गरोदरपणातील मारहाण ही गंभीर धोक्याची चिन्हे मानली जातात. म्हणून ‘आजच्या आज निघून ये’ हा सल्ला कितीही कळकळीचा असला, तरी पूर्वतयारीविना तो घातक ठरू शकतो.

परिणाम : हाडे मोडणे, भाजणे, दृष्टी वा श्रवणशक्ती कमी होणे यांसारख्या उघड इजांबरोबर जुनाट डोकेदुखी, निद्रानाश, औदासीन्य, गर्भपात, कमी वजनाचे मूल जन्मणे व आत्महत्येचे विचार हे परिणाम संभवतात. त्यामुळे पुष्कळ पीडित स्त्रिया इतर तक्रारी घेऊन रुग्णालयात येतात आणि मूळ कारण अंधारातच राहते. मारहाण पाहत वाढणाऱ्या मुलांत भेदरलेपणा, अभ्यासातील मागासलेपणा वा आक्रमकता आढळते. पुढील आयुष्यात हिंसाचार करण्याची किंवा तो निमूटपणे सोसण्याची शक्यताही अशा मुलांच्या बाबतीत वाढते.

ऐतिहासिक आढावा : महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातच वाचा फुटली. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) ह्या निबंधात स्त्रियांवरील अन्यायाची जबाबदारी पुरुषांवर ठेवली. बालपणी झालेला विवाह मान्य नसल्याने पतीकडे नांदावयास जाण्याचे रखमाबाईंनी नाकारले. १८८४ मध्ये सुरू झालेल्या दाव्यात १८८७ साली न्यायालयाने त्यांस पतीकडे जाण्याचा किंवा कारावास भोगण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापून निराधार, विशेषतः विधवा, स्त्रियांना निवारा व शिक्षण दिले. तथापि ह्या काळातील सुधारणेचा भर बालविवाह, केशवपन व वैधव्य यांवर होता. नांदत्या घरातील मारहाण हा स्वतंत्र सामाजिक प्रश्न मानला गेला नव्हता.

तो तसा मानला जाऊ लागला १९७० नंतर. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी सुरू केलेल्या केंद्रात मारहाणीला कंटाळलेल्या स्त्रिया मुलांसह आश्रयाला येऊ लागल्या आणि अशा आश्रयगृहांची चळवळ ब्रिटनभर व इतर देशांत पसरली. भारतात १९८० च्या सुमारास हुंडाबळी व बलात्कार यांविरुद्धच्या आंदोलनांतून स्त्रीसंघटना उभ्या राहिल्या. पुण्यात विवाहित तरुणींच्या संशयास्पद मृत्यूंनी खळबळ माजल्यानंतर विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नारी समता मंच स्थापन केला. मंचाने ह्या विषयावरील चित्रफलकांचे प्रदर्शन गावोगावी नेले. ते पाहावयास आलेल्या स्त्रिया आपापली हकीकत सांगू लागल्या. ती ऐकण्यासाठी ‘बोलते व्हा’ हे केंद्र सुरू झाले. १९८८ मध्ये संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. पतीने टाकलेल्या स्त्रीचे दुःख हे तिचे दुर्दैव नसून तो हक्कांचा प्रश्न आहे, ही भूमिका तेथे मांडली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा जाहीरनामा संमत केला आणि १९९९ मध्ये २५ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठी मुक्रर केला.

कायदेशीर तरतुदी : हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ घालून पती वा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरविण्यात आला, तर १९८६ मध्ये कलम ३०४ ब अन्वये हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ह्या तरतुदी अनुक्रमे कलमे ८५–८६ व कलम ८० मध्ये आहेत. क्रूरतेसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड, तर हुंडाबळीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. छळामुळे माहेरी परतलेल्या स्त्रीला तेथूनही तक्रार दाखल करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ह्या कलमाचा दुरुपयोग होतो, अशी तक्रारही करण्यात येते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत आवश्यकता तपासल्याविना सरसकट अटक न करण्याविषयी पोलिसांना निर्देश दिले. अटकेवरील हे बंधन तक्रार नोंदविण्याच्या कर्तव्यापासून पोलिसांना मुक्त करीत नाही.

फौजदारी कायदा गुन्हेगाराला शिक्षा देतो. पण स्त्रीला आज रात्री कोठे झोपावयाचे व उद्या मुलांना काय खाऊ घालावयाचे, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यात नव्हती. ती उणीव ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ ह्या कायद्याने भरून काढली. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक–भावनिक व आर्थिक असे चारही प्रकार हिंसाचारात धरले असून पत्नीप्रमाणेच आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय व विवाहसदृश संबंधात राहणारी स्त्री यांना दाद मागता येते. दंडाधिकारी पुढील आदेश देऊ शकतात : हिंसाचार व संपर्क यांस मनाई करणारा संरक्षण आदेश, घराबाहेर न काढण्याचा किंवा पर्यायी जागा देण्याचा निवास आदेश, खर्च व निर्वाह यांसाठी आर्थिक साहाय्य, मुलांचा तात्पुरता ताबा, आणि नुकसानभरपाई. निकडीच्या प्रसंगी एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो. घर स्त्रीच्या नावावर नसले, तरी तेथे राहण्याचा तिचा हक्क कायदा मान्य करतो. सासूसासऱ्यांच्या मालकीचे घरही ह्या हक्काच्या कक्षेत येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१६ च्या निर्णयानंतर सासू, नणंद अशा स्त्रियांविरुद्धही दाद मागता येते.

ह्या कायद्याचे कलम ४ समाजाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. हिंसाचार घडला आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्यास सकारण वाटते, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास तशी माहिती देऊ शकते. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे ‘दुसऱ्याच्या घरात लक्ष घालणे’ ज्या समाजात अनुचित समजले जात होते, तेथे कायद्याने शेजाऱ्याला बोलण्याचा अधिकार दिला.

आधारसेवा : टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसून स्त्रीचे म्हणणे ऐकते, तक्रार नोंदविण्यास साहाय्य करते आणि पुढील व्यवस्था लावून देते, असे त्याचे स्वरूप आहे. हा उपक्रम पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागामार्फत महाराष्ट्रात इतरत्र पोहोचला. मुंबई महानगरपालिका व सेहत ही संशोधन संस्था यांनी २००० मध्ये वांद्रे येथील भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र स्थापन केले. सार्वजनिक रुग्णालयात कौटुंबिक हिंसाचारासाठी चालविलेले हे भारतातील पहिले केंद्र होय. इजेची सांगितलेली हकीकत व प्रत्यक्ष खूण यांतील विसंगती ओळखण्याचे शिक्षण तेथील डॉक्टर व परिचारिका यांना दिले जाते. रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रीला घरी कारण सांगावे लागत नाही, हा ह्या रचनेचा मोठा लाभ आहे. एप्रिल २०१५ पासून केंद्र शासनाने ‘सखी’ ही एकथांबा केंद्रे सुरू केली असून तेथे वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायद्याचा सल्ला, पोलिसांचे साहाय्य व तात्पुरता निवारा एकत्र मिळावा, असा उद्देश आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ व कायदेविषयक साहाय्यासाठी १५१०० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. विधि सेवा प्राधिकरण कायद्यानुसार (१९८७) प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

जनजागृती : कायदा माहीत असणे ही जागृतीची पहिली पायरी होय, परंतु केवळ माहितीने वर्तन बदलत नाही. म्हणून पुढील प्रयत्नांत बघ्याची भूमिका घेणाऱ्यांना कृतीस प्रवृत्त करण्यावर भर दिला गेला. ब्रेकथ्रू ह्या संस्थेने २००८ मध्ये भारतात सुरू केलेल्या ‘बेल बजाओ’ मोहिमेतील जाहिरातींत, शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज ऐकणारा पुरुष वा मुलगा त्या घराची घंटा वाजवितो व दूध किंवा दूरध्वनी यांसारखी एखादी किरकोळ गोष्ट मागतो. घरातील आवाज बाहेर पोहोचला आहे, एवढेच मारणाऱ्याला कळते. पुरुषांमध्ये काम करण्यासाठी १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही संघटना स्थापन झाली. महाविद्यालयीन तरुणांच्या गटांतून पौरुषाच्या रूढ कल्पनांची चर्चा घडविणे हे तिचे मुख्य कार्य आहे. गुजरातमध्ये महिला समाख्या कार्यक्रमातून निघालेल्या नारी अदालतींत गावातील स्त्रियाच स्त्रियांच्या तक्रारी ऐकू लागल्या.

युगांडाची राजधानी कंपाला येथे ‘सासा’ ह्या कार्यक्रमात प्रशिक्षित स्थानिक रहिवाशांनी शेजारीपाजारी, बाजारात व कामाच्या ठिकाणी सत्तेच्या योग्य–अयोग्य वापराविषयी अनेक वर्षे संवाद साधला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, कार्यक्रम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणाऱ्या शारीरिक हिंसाचाराचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा सु. ५२% कमी होते. पाहणीतील वस्त्या अवघ्या आठ असल्याने हा आकडा सावधपणे घ्यावयास हवा. तथापि एका दिवसाच्या फेरीपेक्षा ओळखीच्या माणसांनी दीर्घकाळ केलेला संवाद अधिक उपयोगी पडतो, हे त्यावरून सूचित होते.

समाजाची प्रत्यक्ष भूमिका : पीडित स्त्री प्रथम ज्या व्यक्तीजवळ मन मोकळे करते, तिने एकांतात व मध्ये न बोलता ऐकून घेणे, हे पहिले साहाय्य होय. ‘तू काय केलेस’, ‘थोडे सोसून घे’, ‘मूल झाले म्हणजे सगळे ठीक होईल’ ही वाक्ये तिला पुन्हा मौनात लोटतात. ‘तुझे म्हणणे मला खरे वाटते’, ‘ह्यात तुझा दोष नाही’, ‘तुला काय हवे आहे’ अशा शब्दांनी तिचा धीर टिकतो. तिने सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीविना पतीच्या, सासरच्या वा इतरांच्या कानांवर घालू नये. सद्‌हेतूने विचारलेला जाबही रात्री तिच्यावरच उलटू शकतो. निर्णय तिचा तिने घ्यावयाचा असतो. तिने काही काळ तेथेच राहावयाचे ठरविले, तरी संबंध तोडू नयेत, कारण एकटेपणा हेच हिंसाचाराचे मोठे साधन आहे. मात्र जिवास धोका दिसत असेल किंवा मुलांना मारहाण होत असेल, तर पोलिसांना तत्काळ कळविणे आवश्यक ठरते.

सुरक्षिततेची पूर्वतयारी तिच्यासमवेत करता येते. ओळखपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, विवाहाचा व मुलांच्या जन्माचा दाखला, वैद्यकीय कागद यांच्या प्रती विश्वासू ठिकाणी ठेवणे. थोडी रोकड व औषधे तयार ठेवणे. धोका असल्याचे शेजारणीला कळावे यासाठी एखादा सांकेतिक शब्द वा खूण ठरविणे. रात्री–अपरात्री जाता येईल असे घर निश्चित करणे, ह्या साध्या गोष्टी जीव वाचवितात. इजेची वैद्यकीय नोंद करवून घेणेही हिताचे असते. तक्रार लगेच करावयाची नसली, तरी ती पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

बचत गट, महिला मंडळ, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक व सहकारी गृहनिर्माण संस्था यांचा घराघरांशी नित्य संबंध असतो. आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व कार्यालय ठाऊक असणे, ते दर्शनी जागी लावणे आणि प्रसंगी स्त्रीसोबत तेथवर जाणे, एवढे कार्य कोणत्याही गावात होऊ शकते. गावपातळीवरील तंटे मिटविण्याच्या प्रथेत मात्र एक धोका आहे. दोन समान पक्षांतील वादात समेट इष्ट असतो. एक पक्ष दुसऱ्याला भीत असेल, तर समेटाच्या नावाखाली स्त्रीची पुन्हा त्याच घरात पाठवणी होते व गावाचा तंटा तेवढा मिटतो. हिंसाचार थांबला आहे काय, याची पुढील काही महिने विचारपूस करण्याची जबाबदारी न घेता घडवून आणलेला समेट अपुराच मानला पाहिजे.

मर्यादा व प्रश्न : कायद्यानुसार अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावयाची असून तिच्यापासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावयाचा असतो, प्रत्यक्षात प्रकरणे पुष्कळदा वर्षानुवर्षे चालतात. संरक्षण अधिकाऱ्यांवर कामाचा बोजा अधिक असतो. आश्रयगृहे मोठ्या गावांपासून दूर राहणाऱ्या स्त्रियांना गाठता येत नाहीत आणि मुक्कामाची मुदत संपल्यावर राहावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच. पतीने प्रौढ पत्नीवर लादलेला शरीरसंबंध २००५ च्या कायद्यानुसार हिंसाचारात मोडतो. परंतु भारतीय न्याय संहितेच्या बलात्काराच्या व्याख्येतून तो वगळलेला आहे. हिंसाचार करणाऱ्या पुरुषांच्या वर्तनबदलासाठीची केंद्रेही फार थोडी आहेत.

यांपैकी पुष्कळ उणिवा शासनाने व न्यायसंस्थेने दूर करावयाच्या आहेत. तथापि बहुसंख्य पीडित स्त्रिया कोणत्याही कार्यालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. भिंतीपलीकडचा आवाज ज्यांना ऐकू येतो, अंगावरचे वळ ज्यांच्या दृष्टीस पडतात, अशी माणसे शेजारी, आप्त व सहकारी हीच असतात. त्यांनी ती घरगुती बाब मानली, तर कायदा असूनही तो त्या घरापर्यंत पोहोचत नाही; त्यांनी विचारपूस केली, तर बहुधा तेथूनच स्त्रीच्या सुटकेचा आरंभ होतो.